कोल्हापुरात फुटबॉलची फायनल बघायला येतोय, मुक्काम कुठल्या भागात करावा?

अकोल्याची_लेक

नमस्कार मंडळी, कोल्हापूरकरांकडून सल्ला पाहिजे. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि फुटबॉल सोडून त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. मोबाईलवर शाहू स्टेडियमच्या मॅचेस बघून बघून त्याला तिथल्या टीमची नावं पाठ झाली आहेत, पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी, सगळी. या सीझनची एक तरी फायनल प्रत्यक्ष बघायची असा हट्टच आहे त्याचा आणि मी हो म्हणून बसले आहे.

दुसरं म्हणजे सोबत माझे बाबा येणार. बाबा १९७८ साली कुस्ती शिकायला कोल्हापुरात होते, गंगावेस तालमीत, दोन वर्षं. त्यानंतर एकदाही जाणं झालं नाही. आता वय ७० आहे, दोन्ही गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर हळूहळू चालतात पण जिने चढताना फार त्रास होतो. त्यांना खासबाग मैदान बघायचंय आणि तालमीच्या दारात एकदा उभं राहायचंय, बाकी काही मागणं नाही.

आम्ही महाराष्ट्र एक्सप्रेसने शनिवारी दुपारी पोचू, रविवारी मॅच आणि सोमवारी दुपारच्या त्याच गाडीने परत. म्हणजे दोन रात्री. मी नेटवर हॉटेलं बघतेय तर काही समजेना, कुणी लिहितं स्टेशनजवळ राहा, कुणी रंकाळ्यावर राहा, एक छान आणि स्वस्त दिसलं तर नकाशात ते हायवेवर कुठेतरी निघालं. शहर मला अजिबात माहीत नाही. स्टेडियमपासून जवळ राहावं की लांब राहिलेलं बरं? मॅचनंतर गर्दीत बाबांना घेऊन कसं निघायचं ही मला सगळ्यात जास्त काळजी आहे. बजेट खोलीला रात्री दोन हजारापर्यंत, थोडं वर गेलं तरी चालेल. प्लीज सविस्तर सांगा.

जुना_गोलकीपर

ताई, पहिल्यांदा पोराला शाबासकी द्या, अकोल्यात बसून आमच्या पेठांच्या टीमा पाठ करणं म्हणजे नाद खुळा. मी स्वतः पंधरा वर्षं त्याच मातीत लोळलोय म्हणून जरा लांबड लावून सांगतो, कारण फायनलच्या दिवशीचं कोल्हापूर आणि एरवीचं कोल्हापूर यात लई फरक आहे आणि तो हॉटेलच्या साईटवर कुणी लिहीत न्हाई.

आमच्याकडं टीम म्हणजे नुसता क्लब नसतोय. नाव बघा, पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. ज्या तालमीत कुस्ती चालायची त्याच तालमीची पोरं पुढं फुटबॉल खेळायला लागली, म्हणून टीम पेठेची असते आणि मॅच म्हणजे पेठेपेठेतला मामला. आजोबा, बाप, पोरगा एकाच टीमच्या मागं. त्यामुळं फायनल झाली की जिंकलेली पोरं स्टेडियममधनं थेट आपल्या तालमीकडं मिरवणुकीनं निघतात, हलगी, गुलाल, गाड्या, सगळं. तुमच्या मुक्कामाचा प्रश्न सगळा या मिरवणुकीपाशी येऊन थांबतोय.

मंगळवार पेठेतली टीम जिंकली तर गर्दी स्टेडियमच्या आसपासच फिरत राहती. शिवाजी पेठेतली जिंकली तर लोंढा तिकडं निवृत्ती चौकाकडं, अर्ध्या शिवाजी पुतळ्याकडं सरकतोय आणि मधले रस्ते तासभर तरी जाम. रिक्षा त्या वेळेला मिळत न्हाई, मिळाली तर हलत न्हाई. म्हणून जे लोक सांगतात की लांब राहा, रिक्षानं दहा मिनिटांत येता येतंय, त्यांचं बाकी सगळ्या दिवशी बरोबर आहे, पण फायनलच्या संध्याकाळी त्या दहा मिनिटाचा तास होतोय आणि तुमच्या वडिलांना रस्त्याच्या कडेला उभं राहायला लागतंय.

माझं मत, चालत जाता येईल असंच राहा. पण स्टेडियमच्या भिंतीला लागून नको, तिथं रात्री बारापर्यंत झोप लागणार न्हाई. मिरजकर तिकटी, बिनखांबी गणपती, नाहीतर बिंदू चौक या पट्ट्यात लॉज बघा. तिथनं स्टेडियम चालत, खासबाग त्याच्याही अलीकडं, अंबाबाईचं देऊळ पाच मिनिटांवर. वडिलांच्या चालीनं धरा, स्टेडियमला पंधरा-वीस मिनिटं लागतील आणि वाट सगळी सपाट आहे.

हायवेवरचं हॉटेल तर अजिबात घेऊ नका. साईटवर पत्ता कोल्हापूर लिहितात आणि प्रत्यक्षात ते शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला असतंय. त्या खोल्या चांगल्या असतात, गाडी घेऊन गोव्याला जाणाऱ्याला ते बरं, रेल्वेनं येणाऱ्याला उपयोगाचं न्हाई.

आणि तारीख सांगा. ती सगळ्यात महत्त्वाची.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

जुना गोलकीपर यांच्याशी थोडं असहमत. ताईंच्या सोबत वयस्कर माणूस आणि सामान आहे, गाडी दुपारी पोचणार, परत जायचं पण रेल्वेनंच. स्टेशन आणि सीबीएस म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडच्या मधल्या भागात एवढी हॉटेलं आहेत की एक नाही आवडलं तर शेजारच्यात जाता येतं, दोन हजाराच्या आत लिफ्टवाली खोली मिळते, खाली रात्री उशिरापर्यंत जेवण मिळतं, मेडिकल चालू असतं. पेठेतल्या लॉजमध्ये हे सगळं मिळेलच याची खात्री नाही. मी शाहूपुरीत राहतो म्हणून म्हणत नाही, आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना पण मी हेच सांगतो.

मॅचला जाताना दुपारी लवकर रिक्षा करा, मीटरनं अडीच-तीन किलोमीटर पडेल. येताना स्टेडियममधून बाहेर पडून उमा टॉकीज चौकाच्या दिशेनं थोडं चालायचं, मिरवणुकीच्या उलट्या बाजूला, तिथं रिक्षा मिळते. मी स्वतः आईला असंच घेऊन आलोय. अर्थात आई तेव्हा साठीची होती आणि पायानं ठणठणीत होती हे पण खरं आहे.

स्टेशनजवळ एक त्रास आहे तो सांगून ठेवतो, रस्त्याकडची खोली घेऊ नका. एसटीचे हॉर्न पहाटे चारपासून चालू होतात.

ताराबाई_पार्क_वाले

आमच्या भागाचं कुणी नाव घेतलं नाही म्हणून लिहिते. ताराबाई पार्क, नागाळा पार्क हा शांत भाग आहे, झाडी आहे, हॉटेलं जरा वरच्या बजेटची आहेत पण लिफ्ट, कमोड, गरम पाणी, रूममध्ये जेवण हे सगळं न विचारता मिळतं. बाबांच्या गुडघ्यांचा विचार केला तर एक हजार जास्त गेले तरी मी इथंच राहिले असते. रात्री झोप नीट झाली तर दुसऱ्या दिवशी माणूस चालू शकतो, नाहीतर सगळी ट्रिप खोलीत पडून. मॅचच्या आवाजाचा, मिरवणुकीचा काहीच संबंध येत नाही.

उणी बाजू हीच की देऊळ, खासबाग, गंगावेस, स्टेडियम सगळीकडे रिक्षा लागणार. दिवसातून चार फेऱ्या होतील.

रंकाळ्याचं म्हणाल तर संध्याकाळी फिरायला छानच आहे, बाबांना नक्की घेऊन जा, पदपथावर बसायला जागा आहे. पण रविवारी संध्याकाळी चौपाटीला एवढी गर्दी असते की तिथं मुक्काम आणि मॅच हे दोन्ही एका दिवशी जमवणं अवघड होईल असं मला वाटतं.

अकोल्याची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आता मात्र जास्तच गोंधळ झाला, तिघांचंही पटतंय. बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले मिरजकर तिकटी मला माहीत आहे, तिथेच राहू, आणि उठून त्यांनी कपाटातला जुना फोटो काढून आणला. त्यामुळे मनातून तिकडेच वळतेय, पण जिन्यांची भीती आहे. जुन्या भागातल्या लॉजला लिफ्ट नसते का? आणि फोन करून नक्की काय काय विचारून घ्यावं?

तारखेबद्दल, फायनलची तारीख अजून पक्की नाही. एप्रिलमध्ये एक बघतोय, नाहीतर त्याच्या आधी फेब्रुवारीच्या सुरुवातीला कुठली स्पर्धा असली तर तिची.

बिनखांबीजवळची

ताई मी इथंच राहते, लग्न होऊन आले त्याला बावीस वर्षं झाली, त्यामुळं माझं ऐका जरा.

आधी तारीख. एप्रिल म्हणत असाल तर चैत्र पौर्णिमा कधी आहे ते कालनिर्णयात बघा आणि तो आठवडा सोडूनच या. जोतिबाची चैत्र यात्रा असते, लाखो भाविक येतात, डोंगर इथनं वीसेक किलोमीटरवर आहे पण माणसं मुक्कामाला शहरातच उतरतात, अंबाबाईचं दर्शन करून मग वर जातात. त्या दिवसात लॉजवाला सांगेल तो भाव आणि तरी खोली मिळंल याची खात्री न्हाई. फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणार असाल तर किरणोत्सव असतोय, ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं थेट देवीपर्यंत येतात, ते बघायला पण गर्दी होती पण ती संध्याकाळपुरती, राहायला तेवढी अडचण येत न्हाई. उलट जमलं तर बघा, भाग्य लागतंय.

शनिवार-रविवार मात्र बारा महिने गर्दी. मुंबई-पुण्याची माणसं शुक्रवारी रात्रीपासून येतात. मंगळवार, शुक्रवार देवीचे वार म्हणून गर्दी. तुम्ही नेमकं शनिवार-रविवार येताय आणि वर फायनल, म्हणजे तीन-चार आठवडे आधी खोली धरा.

आता लॉजचं. आमच्या भागातल्या इमारती जुन्या, बोळ अरुंद, खाली दुकानं आणि वर लॉज. बऱ्याच ठिकाणी लिफ्ट न्हाई हे खरं आहे. पण काही ठिकाणी पहिल्या मजल्यावरच खोल्या आहेत, आणि एक-दोन वाड्यात तळमजल्याला पण आहेत, त्या नेटवर दिसत न्हाईत, फोनवरच विचाराय लागतंय. फोन केल्यावर लिफ्ट आहे का एवढंच विचारू नका. लिफ्ट आहे म्हणतील आणि लिफ्टपर्यंत जायला आठ पायऱ्या असतील. असं विचारा की रस्त्यावरनं खोलीत जाईपर्यंत एकूण किती पायऱ्या. कठडा आहे का. कमोड आहे का, कारण गुडघेदुखीच्या माणसाला त्याच्याशिवाय भागत न्हाई आणि जुन्या लॉजमध्ये खालचं भांडं असतंय. गरम पाणी किती ते किती, बऱ्याच ठिकाणी सकाळी नऊला बंद करतात. खोली रस्त्याकडची का मागची, मागची मागा. चोवीस तासांचा हिशेब आहे का दुपारी बाराला खोली सोडायची, हे तर नक्की विचारा, कारण तुमची गाडी दुपारची आणि बाराला बाहेर काढलं तर वडिलांना घेऊन कुठं बसणार? सगळ्यांची आधारकार्डं मागतात, पोराचं पण घेऊन या.

देवस्थानचे भक्त निवास, धर्मशाळा पण आहेत, स्वस्त आणि स्वच्छ असतात पण शनिवार-रविवारी तिथं जागा मिळणं अवघड आणि काही ठिकाणी रात्री दार लवकर बंद करतात. मॅचवरनं यायला उशीर झाला तर पंचाईत, म्हणून मी तुम्हाला ते सुचवत न्हाई.

महाद्वार रोडवर गर्दीच्या दिवशी गाड्या सोडत न्हाईत. रिक्षा आतपर्यंत येत न्हाई, बिनखांबीला नाहीतर भवानी मंडपाच्या बाजूला उतरून चालाय लागतंय. लॉजवाल्याला विचारा की रिक्षा दारात येती का.

सांगलीचा_पाव्हणा

एक अनुभव सांगतो म्हणजे तुम्हाला त्रास होणार नाही. मागच्या वर्षी सेमीफायनल आणि फायनल बघायला आम्ही चौघं आलो होतो, ॲपवर बुकिंग केलेलं, पैसे तिथं देऊ असं ठेवलेलं. शनिवारी रात्री नऊला पोचलो तर काउंटरवरचा माणूस म्हणाला तुमचं बुकिंग दिसतच नाही, खोल्या भरल्या. खरं काय तर वीस-पंचवीस जणांची एक बस आली होती आणि त्यांनी सगळा मजला जास्त पैसे देऊन घेतला. लॉजचं नाव सांगत नाही. रात्री साडेदहापर्यंत बॅगा घेऊन फिरलो, शेवटी राजारामपुरीत एका ओळखीच्याच्या घरी झोपलो.

त्यामुळं ॲपवर धरलं तरी थेट लॉजला फोन करा, अर्धे पैसे आधी पाठवा, आणि खोली नंबरसकट मेसेज मागून घ्या. निघायच्या आदल्या दिवशी परत फोन. तुमची गाडी दुपारी पोचतेय हे चांगलं आहे, रात्री पोचणाऱ्याची खोलीच आधी जाते.

राजारामपुरीचं पण नाव सुचवतो. पहिल्या-दुसऱ्या गल्लीच्या बाजूला बरी हॉटेलं आहेत, नवीन बांधकाम असल्यामुळं लिफ्ट असते, खायला-प्यायला भरपूर, आणि स्टेडियम अगदी लांब नाही. पेठेत तळमजला नाही मिळाला तर तुमच्यासाठी दुसरा नंबर राजारामपुरीचा, स्टेशनचा तिसरा, असं माझं मत.

जुना_गोलकीपर

पाव्हणं बरोबर बोललं, राजारामपुरी दुसऱ्या नंबरला चालंल. शाहूपुरीवाल्या भावाचं उमा टॉकीजकडनं निघायचं पण मी धरतो, तरण्या माणसाला ती वाट चांगली आहे.

ताई आता मॅचच्या दिवसाचं. फायनल बहुतेक दुपारी चारच्या आसपास असती, पण तुम्ही दोन-अडीचलाच आत जाऊन बसा. वडिलांना गर्दीच्या रेट्यात गेटमधनं आत न्यायचं म्हणजे अवघड, लवकर गेला तर निवांत खालच्या पायरीवर जागा मिळती. सिमेंटच्या पायऱ्या आहेत, टेकायला पाठ न्हाई, म्हणून एक जाड बसकर आणि वडिलांसाठी शेवटच्या टोकाची जागा, जिथं पाय सरळ करता येईल. टोपी, पाणी. दुपारचं ऊन डोळ्यावर येणार न्हाई ती बाजू धरा.

पोराला कुठल्याच पेठेच्या टीमची जर्सी घालू नका. त्याला कुणीतरी आवडत असंल, आणि ते चांगलंच आहे, पण दुसऱ्या समर्थकांच्या घोळक्यात बसायला लागलं तर उगाच वाद. अर्जेंटिना, ब्राझील काहीही घाला, आमच्याकडं वर्ल्डकपला पेठापेठांत त्यांचे झेंडे लागत्यात, कुणी काही म्हणणार न्हाई. घोषणा देणाऱ्या पोरांपासनं जरा बाजूला बसा.

संपल्यावर लगेच उठू नका. हे मी तुम्हाला हात जोडून सांगतो. बक्षीस समारंभ होऊ द्या, समर्थक बाहेर पडू द्या, अर्धा-पाऊण तास तिथंच बसा. टायब्रेकर झाला तर अंधार पडंल, पडू द्या. गेट मोकळं झालं की मिरवणूक कुठल्या बाजूला गेली हे पोलिसाला विचारा आणि त्याच्या मागनं, पुढनं न्हाई, हळूहळू चालत लॉजवर या.

खासबाग रविवारी सकाळी करा, ऊन चढायच्या आत. शाहू महाराज १९०२ ला युरोपात गेलते, तिथलं रोमचं मैदान बघून त्यांच्या मनात आलं, आणि १९१२ ला हे पुरं झालं. मधोमध आखाडा आणि सगळीकडनं उतार, कुठंही बसा, समोरच्याचं डोकं आडवं येत न्हाई. पैलवान माणसाला मी काय सांगणार, पण पोराला आजोबांकडनंच ऐकू दे. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला आगीत जळालं, त्यामुळं त्या बाजूनं कामाची वर्दळ असंल तर दुसरीकडनं जावा. वडिलांना सगळ्या पायऱ्या उतरायची गरज न्हाई, वरनंच सगळा आखाडा दिसतोय.

अकोल्याची_लेक

जाऊन आलो. लिहायला आठवडा लागला कारण आल्यावर बाबांचे पाय सुजले होते, आता बरे आहेत.

चैत्र पौर्णिमा टाळली. बिनखांबीजवळच्या ताईंनी सांगितलं तसं सहा लॉजना फोन केला आणि फक्त पायऱ्या विचारल्या. पहिल्याने लिफ्ट आहे म्हणून सांगितलं, पायऱ्या विचारल्यावर म्हणाला दहा-बारा असतील लिफ्टपर्यंत. पाचव्या ठिकाणी मिरजकर तिकटीच्या मागच्या बोळात तळमजल्याची खोली मिळाली, रस्त्यावरून तीन पायऱ्या, कमोड आहे, भाडं अठराशे. अर्धे पैसे आधी पाठवले, आदल्या दिवशी परत फोन केला. खोली छोटी होती आणि खिडकी मागच्या भिंतीकडे उघडत होती, उजेड अजिबात नव्हता, आणि गरम पाणी खरंच नऊला बंद झालं. पण शांत होती. चोवीस तासांचा हिशेब होता म्हणून सोमवारी दीडपर्यंत बाबांना पडून राहता आलं, हे फार उपयोगी पडलं.

रविवारी सकाळी सहाला रिक्षा करून आधी गंगावेशीत गेलो. दुधाच्या कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून देतात ते धारोष्ण दूध बाबांनी दोन ग्लास घेतलं, मुलाने एक घोट घेऊन ठेवून दिलं. तालमीच्या दारात बाबा पंधरा मिनिटं उभे होते. आतून एक वयस्कर गृहस्थ आले, त्यांनी कोण कुठले विचारलं, बाबांनी साल सांगितलं, मग त्यांना आत नेऊन खुर्चीवर बसवलं आणि बराच वेळ दोघे त्यांच्या वेळच्या वस्तादांबद्दल बोलत होते. खासबागला जाईपर्यंत ऊन झालं होतं. वरूनच बघायचं ठरलं होतं पण बाबा ऐकेनात, कठडा धरून निम्म्यापर्यंत उतरले, मुलगा एका बाजूला आणि मी दुसऱ्या. सूज त्यानेच आली. मी थांबवायला पाहिजे होतं का, अजून ठरवता येत नाही.

मॅचला अडीचला गेलो तरी खालची पायरी जेमतेम मिळाली, तुम्ही अजून लवकर जा म्हणून सांगते. टायब्रेकर झाला. पाऊण तास बसून राहिलो. बाहेर पडल्यावर पोलिसांनीच सांगितलं की मिरवणूक पलीकडून गेली, तुम्ही अलीकडून जा. बाबांच्या चालीनं पस्तीस मिनिटं लागली, वाटेत दोनदा दुकानाच्या पायरीवर बसलो, एका दुकानदाराने स्वतःहून पाणी दिलं. लांब राहिलो असतो तर त्या वेळी रिक्षा मिळणं शक्यच नव्हतं, रस्त्यात अडकलेल्या रिक्षा आम्ही बघितल्या.

ताराबाई पार्कवाल्या ताईंचं पण मला पटलेलं आहे. बाबांना चालताच येत नसतं तर मी तिकडेच राहिले असते आणि मॅचला त्यांना आणलं नसतं.

माढ्याहून

ताई हे वाचून लई मदत झाली. आम्ही पण आईला घेऊन येतोय, पण चारचाकीनं. त्या बोळात गाडी लावायला जागा आहे का?

बिनखांबीजवळची

न्हाई, बोळात मोटरसायकल पण कशीबशी लागती. गाडी बिंदू चौकातल्या पार्किंगला लावा, आणि शनिवारी दुपारच्या आत लावा, नंतर तिथं पण जागा उरत न्हाई. आईंना आणि सामानाला आधी मिरजकर तिकटीला उतरवा, मग गाडी लावाय जावा.